अल्प द्रव्यबळात शिडाच्या होडीची दुरुस्ती : कोकणी प्रथा आणि तिच्यामागील शास्त्र

शनिशिंगणापूर ज्या नेवासे तालुक्यात आहे तो तालुका समुद्रापासून सुमारे २०० किलोमीटर दूर आहे. तरीही नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात भूमध्य सागराच्या परिसरातून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे सापडले. हे कुंभ घाट चढून आले त्यापूर्वी ते लाकडी जहाजांतून अरबी समुद्र ओलांडून आले होते. या व्यापारमार्गाच्या दुसऱ्या टोकास, इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या बंदरात, उत्खननकर्त्यांना भारतीय सागवान इमारतींच्या भिंतींत घातलेले आढळले आहे. त्यातील बरेचसे लाकूड मोडीत काढलेल्या जहाजांचे असावे, असे मानले जाते. ज्या वाळवंटात लाकूड दुर्मिळ, तेथे जुन्या जहाजाची एकही चांगली फळी वाया जाऊ दिली जात नव्हती. नौकाबांधणीचा इतिहास लिहिताना नव्या नौकांच्या जलावतरणाकडे लक्ष जाते. परंतु नौका वर्षानुवर्षे पाण्यावर राहते ती डागडुजीच्या बळावर, आणि ही डागडुजी बहुधा तुटपुंज्या पैशांतच करावी लागते. शिडाच्या लाकडी होडीच्या अंगास, म्हणजे तळ आणि दोन्ही बाजू मिळून होणाऱ्या कवचास, इजा झाली असता थोड्या खर्चात काय करता येते, कोठे खर्च टाळता येतो आणि कोठे तो टाळल्यास जीवावर बेतते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. परीक्षा

दुरुस्तीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा भाग म्हणजे परीक्षा. तिला लाकडी हातोडी, अणकुचीदार टोचा, खडू आणि वेळ याखेरीज काही लागत नाही. होडी किनाऱ्यावर ओढून तिचे अंग गोड्या पाण्याने धुवावे, जुना रंग ठिकठिकाणी खरवडावा आणि प्रत्येक फळीवर वीतभर अंतराने हातोडी मारीत जावे. निकोप लाकूड खणखणीत वाजते. आतून पोकळ किंवा कुजलेले लाकूड बद्द आवाज देते. बद्द आवाजाच्या जागी टोचा दाबून पाहावा. तो सहज आत शिरला तर त्या जागेभोवती खडूने रेघ ओढावी. असे केल्यावर बहुधा असे आढळते की, डोळ्यांस दिसणारे भोक एक असते आणि खडूच्या खुणा मात्र अनेक असतात. खडकावर आपटून फुटलेली फळी ही अपघाताची खूण आहे. परंतु ती नेमकी तेथेच का फुटली, याचे उत्तर पुष्कळदा शेजारच्या झिजलेल्या लाकडात सापडते.

परीक्षेचा क्रमही ठरलेला असावा. प्रथम तळाचा कणा, नंतर नाळ आणि पिछाडीचा खांब, नंतर फासळ्या, मग डोलकाठीचे बूड ज्यात बसते ते खोबण, आणि सरतेशेवटी फळ्या. फळी बदलता येते. कणा बदलणे म्हणजे जवळजवळ नवी होडी बांधणे होय. शिडाच्या होडीत डोलकाठीच्या बुडाकडे विशेष लक्ष देणे अगत्याचे आहे. वल्ह्याच्या होडीत न येणारा ताण तेथे येतो. वारा शिडास एका बाजूस लोटतो, आणि तो सर्व जोर काठीच्या बुडातून कण्यावर व फासळ्यांवर उतरतो. तेथील लाकूड मऊ झाले असेल तर फळ्या कितीही उत्तम बसविल्या तरी होडी शिडाखाली सुरक्षित नाही.

२. पाण्याचा हिशेब

मोठे भोक भय निर्माण करते, तर झिरपणारी फट दुर्लक्षित राहते. हे दुर्लक्ष कितपत योग्य आहे, ते साध्या गणिताने पडताळता येते. पाण्याखालील छिद्रातून आत येणाऱ्या पाण्याचा वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटीमीटरवर ५ सेंटीमीटर व्यासाचे भोक असेल, तर पाण्याचा सैद्धांतिक वेग सेकंदास सुमारे ३.४ मीटर येतो. प्रवाह आकुंचन पावतो हे ध्यानी घेऊन ०.६ हा गुणक लावला, तर दर सेकंदास सुमारे ४ लिटर, म्हणजे मिनिटास सुमारे २४० लिटर पाणी आत येते. दहा लिटरची बादली मिनिटास दहा वेळा उपसणारा खलाशी १०० लिटर पाणी बाहेर टाकतो. यावरून अशा भोकापुढे एकट्या माणसाचा टिकाव लागणार नाही, हे उघड आहे.

आता दुसरी बाजू पाहावी. वरील भोकाचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटीमीटर आहे. दोन फळ्यांमधील अवघी १ मिलिमीटर रुंदीची फट २ मीटर लांबीवर उघडी राहिली, तर तिचेही क्षेत्रफळ तेवढेच होते. अरुंद फटीतील घर्षणामुळे प्रत्यक्ष प्रवाह काहीसा कमी भरेल. तरी मूळ निष्कर्ष बदलत नाही. सांध्यातील कापूस निघून गेलेली होडी ही जणू तळास भोक पडलेली होडीच होय. याच गणितातून आणखी एक व्यावहारिक गोष्ट निघते. खोली दुप्पट झाली तर प्रवाह सुमारे १.४ पट होतो. परंतु भोकाचा व्यास दुप्पट झाला तर तो चौपट होतो. म्हणून समुद्रात अपघात घडल्यास भोक पूर्णपणे बंद करता आले नाही तरी ते शक्य तितके लहान करणे, हेही मोठेच काम आहे. राळ व तेलात भिजविलेले जाड कापड आणि त्यावर शिशाचा पत्रा लहान खिळ्यांनी ठोकून केलेले थिगळ होडीस बंदरापर्यंत आणते. थिगळाचे कार्य तेथे संपते. ते कायमचे मानणे हा पहिला आणि सर्वसामान्य प्रमाद होय.

३. किडा, कूज आणि गंज

लाकडी होडीचे शत्रू तीन. प्रत्येकाची राहण्याची जागा वेगळी आणि उपायही वेगळा.

पहिला शत्रू लाकूड पोखरणारा सागरी किडा. त्यास किडा म्हणण्याचा प्रघात असला तरी प्राणिशास्त्रदृष्ट्या तो शिंपल्यांच्या वर्गातील मृदुकाय प्राणी आहे. अगदी बाल्यावस्थेत तो लाकडात शिरतो, म्हणून बाहेरचे छिद्र टाचणीच्या डोक्याएवढेच राहते. आत मात्र तो वाढत जातो आणि चुन्याचे अस्तर असलेले लांब बोगदे करतो. वरून अभंग दिसणारी फळी आतून चाळणीसारखी झालेली असते. होडी खाडीच्या वरच्या, गोड्या पाण्याच्या भागात नेऊन ठेवण्याची जुनी रीत याच शत्रूविरुद्ध आहे. परंतु हा प्राणी आपल्या बिळाचे तोंड घट्ट बंद करून काही काळ तग धरू शकतो. म्हणून चार-दोन दिवसांच्या गोड्या पाण्याने कार्य साधत नाही; त्यास काही आठवडे द्यावे लागतात.

दुसरा शत्रू कूज, म्हणजे बुरशीने होणारा नाश. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी असेल तर ही बुरशी वाढू शकत नाही. खाऱ्या पाण्यात भिजलेल्या लाकडावरही तिचा जोर कमी असतो. तिला मानवते ते वरून झिरपणारे पावसाचे गोडे पाणी आणि आतील कोंदट हवा. त्यामुळे कूज बहुधा काठाखाली, फासळ्यांच्या माथ्यांशी आणि पिछाडीच्या कोपऱ्यांत सुरू होते. पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून त्या नारळाच्या झापांनी शाकारून ठेवण्याची कोकणातील प्रथा या दृष्टीने अत्यंत शास्त्रीय आहे. झापांखालून वारा खेळतो, पाणी मात्र आत येत नाही. त्याऐवजी प्लास्टिकचे कापड घट्ट आवळून बांधले तर पाऊस अडतो, परंतु ओलावा आतच कोंडला जातो आणि कुजीस आयते घर मिळते. घाटावरील जलाशयांत हा भेद अधिक स्पष्ट होतो. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या नाथसागरासारख्या गोड्या पाण्यात लाकडी होडीस सागरी किड्याचे भय नाही. कुजीचे भय मात्र समुद्रापेक्षा अधिक आहे.

तिसरा शत्रू गंज. लोखंडी खिळा ओल्या लाकडात गंजतो, फुगतो, आणि त्यापासून निर्माण होणारे क्षार भोवतीचे लाकूडही दुबळे करतात. खिळ्याभोवती काळा डाग आणि मऊ लाकूड दिसले तर खिळ्याची पकड गेली असे समजावे. येथे काटकसरीचा एक सापळा आहे. काही खिळे तांब्याचे आणि शेजारचे लोखंडाचे असे मिश्रण केले, तर खाऱ्या पाण्यात विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होऊन लोखंड झपाट्याने झिजते. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळास तांब्याचा पत्रा मढविला. त्यामुळे किड्यापासून रक्षण झाले, परंतु तांब्याशी संपर्क आलेले लोखंडी खिळे खाल्ले गेल्याचे पुढील तपासणीत आढळून आले. ज्यास तांबे परवडत नाही त्याने सर्वत्र जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड वापरावे. दोहोंची सरमिसळ करू नये.

४. जागा आणि काळ

होडी पाण्याबाहेर काढण्याचा खर्च पुष्कळदा लाकडाच्या खर्चाहून अधिक होतो. मराठ्यांच्या आरमाराने विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीलगत गिर्ये येथे खडकात गोदी खोदली, ती या गरजेपोटीच. लहान होडीच्या मालकास मात्र चंद्र हीच गोदी आहे. मुंबईस उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील सरासरी अंतर साडेतीन मीटरांहून अधिक असते. दक्षिणेस गोव्याजवळ ते त्याच्या निम्म्यापर्यंत उतरते. भरतीस होडी वाळूवर आणून टेकू देऊन उभी करावी, ओहोटीस तळ उघडा पडतो.

या निःशुल्क गोदीचे वेळापत्रक मात्र कडक असते. एक-दोन ओहोट्यांत संपणारे काम असेल तर अमावास्या किंवा पौर्णिमा यायच्या दोन-तीन दिवस आधी होडी वर घ्यावी. पुढील भरत्या अधिक चढत जातात आणि होडी निश्चितपणे तरंगते. नेमक्या उधाणाच्या माथ्यावर ती वर घेतली, तर पुढील भरत्या उतरत्या असतात. काम एका दिवसाने लांबले तरी होडी भांगाच्या पाण्यात अडकून पंधरवडाभर वाळूवर राहते. दीर्घ कामासाठी हेच इष्ट ठरते. परंतु दोन लागोपाठच्या उधाणांची उंची सारखी नसते, हे लक्षात ठेवून भरतीचे कोष्टक आधी पाहणे आवश्यक आहे. आणखी एक मर्यादा आहे. या किनाऱ्यावर उधाणाची भरती साधारणपणे दुपारी व मध्यरात्रीच्या आसपास येते. म्हणजे ओहोटी सकाळी व सायंकाळी पडते. मधली दुपार पाण्याची असते. त्यामुळे फळी कापणे, तासणे, राळ कढविणे ही कामे दुपारी वर वाळूवर करावीत आणि तळाचे काम सकाळ-संध्याकाळी करावे, हीच विभागणी सोयीची ठरते.

५. लाकूड

१७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराविषयी जे नियम घालून दिले, त्यांत लाकडाचा विचार ठळकपणे आला आहे. सागवानादी लाकूड अरण्यातून परवानगीने आणावे किंवा विकत घ्यावे. रयतेच्या आंबा-फणसास हात लावू नये. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून व मोल देऊनच ते घ्यावे, असा त्याचा आशय आहे. आरमाराचा खर्च मुलुखाच्या उत्पन्नातून ठरवून द्यावा, बंदरातील कमाईवर सोडू नये, असेही तेथे बजावले आहे. कारण तसे केल्यास व्यापाऱ्यांस उपद्रव होऊन बंदरेच बुडतात. अर्थसंकल्पाच्या दृष्टीने हे सूत्र लहान होडीसही लागू पडते. दुरुस्तीचा पैसा पुढील मोसमाच्या अनिश्चित कमाईवर न ठेवता आधी बाजूस काढावा लागतो. आजही महाराष्ट्रात साग, ऐन, आंबा, फणस यांसारख्या झाडांच्या तोडीवर १९६४ च्या अधिनियमाचे नियंत्रण आहे. म्हणून अल्प द्रव्यबळात विचार प्रथम जुन्या लाकडाचा करावा. मोडीत निघालेल्या होडीची किंवा पाडलेल्या घराची सागवानी तुळई मुरलेली असते आणि ती सहसा पुन्हा पीळ खात नाही. तीतील खिळे काढण्यास श्रम पडतात, परंतु श्रम मालकाचे स्वतःचे असू शकतात. सागाचे टिकाऊपण सिद्ध करण्यास एक उदाहरण पुरे आहे : १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत जलावतरण झालेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडातील हार्टलपूल येथे अद्याप तरंगत आहे.

फळीच्या जाडीत काटकसर करू नये. फळीची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाच्या आणि तिचा ताठरपणा घनाच्या प्रमाणात असतो. ३० मिलिमीटरची फळी झिजून २० मिलिमीटर उरली, तर तिची ताकद मूळच्या सुमारे ४४ टक्के आणि ताठरपणा सुमारे ३० टक्केच राहतो. एकतृतीयांश झीज वाटते त्याहून पुष्कळ अधिक महाग पडते ती अशी.

६. फळी बसविणे आणि सांधे भरणे

फुटलेल्या जागेपुरताच तुकडा कापून चौकोनी ठिगळ बसविणे हा मोह टाळावा. कापणी निकोप लाकडापर्यंत न्यावी. नवी व जुनी फळी तिरप्या सांध्याने जोडावयाची असेल तर तिरपेपणा जाडीच्या आठपट तरी असावा; म्हणजे ३० मिलिमीटरच्या फळीस २४ सेंटीमीटर लांबीचा सांधा येतो. टोकास टोक भिडवावयाचे असेल तर तो सांधा दोन फासळ्यांच्या मधोमध घेऊन आतून जाड ठोकळ्याचा आधार द्यावा, आणि शेजारच्या फळीतील सांधा त्याच रेषेत येऊ देऊ नये. मोडलेली फासळी काढून नवी बसविणे खर्चाचे असते. तिच्या लगत तेवढ्याच ताकदीची जोडफासळी बसवून, ती मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंस पुरेशी लांब नेल्यास भार वाहून जातो. हा उपाय दिसण्यात ओबडधोबड, पण प्रामाणिक आहे.

पश्चिम किनाऱ्यावरील सुतारांची सांधे जुळविण्याची पद्धत परकीयांनाही विस्मित करीत असे. अठराव्या शतकाच्या आठव्या दशकात सुरतेस आलेला डच आरमारी अधिकारी योहान स्प्लिंटर स्टाव्होरिनुस याने तिचे वर्णन केले आहे. फळ्यांच्या कडा एकमेकींत बसतील अशा खाचून, एका कडेस शेंदूर लावून दुसरी तिच्यावर दाबीत. जेथे शेंदूर उमटे तेथील उंचवटा काढून टाकीत, आणि कडा पूर्ण जुळल्यावर मधे डिंकासारखा लेप व सावरीच्या कापसाचा पातळ थर घालून फळ्या पक्क्या करीत. या पद्धतीस महाग साहित्य लागत नाही; लागतो तो वेळ. मजुरी महाग आणि साहित्य स्वस्त झाल्यावर ती मागे पडली, हे स्वाभाविकच होय. परंतु ज्याच्याजवळ पैसा थोडा आणि पावसाळ्याचे दोन महिने मोकळे आहेत, त्याच्यासाठी तिचे गणित आजही उलटलेले नाही.

साध्या सांध्यात कापसाची वात ठोकून भरतात आणि वरून राळ व तेल यांचा कढविलेला लेप देतात. येथे नवशिक्याची चूक ठरलेली असते. उन्हात सुकलेल्या होडीच्या फटी रुंद दिसतात, म्हणून तो त्यांत गच्च कापूस ठोकतो. होडी पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात. कापसास दबण्यास जागा नसल्याने तो जोर फासळ्यांवर व खिळ्यांवर जातो आणि खिळे उपटले जातात. म्हणून फळ्या आधी ओल्या पोत्यांनी काही दिवस भिजवून मग सांधे भरावेत, आणि जलावतरणानंतर पहिल्या दिवशी थोडे पाणी आत येईल हे गृहीत धरावे. शेवटी तळास चुना व तेल किंवा चरबी यांचा लेप देण्याची जुनी रीत आहे. चुना व स्निग्ध आम्ल यांच्या संयोगाने पाण्यात न विरघळणारा साबण तयार होतो आणि त्याचा कठीण थर किड्यास काही काळ थोपवितो. हा लेप दर मोसमास नवा द्यावा लागतो. आधुनिक ताम्रयुक्त रंग अधिक काळ टिकतो, परंतु महाग पडतो. पाण्यावरील भागास उंडीचे किंवा काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची प्रथाही याच स्वस्त संरक्षणाच्या पोटी आली आहे.

७. खोटी काटकसर

जुन्या होडीवर काचतंतू आणि रेझिनचा थर चढवून तिला ‘कायमची’ जलाभेद्य करण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. या प्रश्नाचा विचार भावनेने करावयाचा नाही. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेली आणि २००९ मध्ये नौदलात आलेली ‘म्हादेई’ ही शिडाची नौका लाकूड व काचतंतू यांच्या संयोगाचीच आहे, आणि तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. परंतु तेथे लाकूड आरंभीपासून कोरडे होते आणि दोन्ही बाजूंनी बंदिस्त होते. जुन्या होडीचे लाकूड ओले, तेलकट आणि खाऱ्या पाण्याने मुरलेले असते. त्यावर थर नीट चिकटत नाही. ओलाव्याने लाकूड फुगले की तो सुटतो, आणि त्यामागे कोंडलेले पाणी दृष्टीआड कूज वाढविते. परीक्षेचा हातोडाही मग निरुपयोगी होतो, कारण वाजते ते कवच. अशा थराने होडी वाचत नाही. तिचा रोग झाकला जातो.

याउलट, लाकडी होडीचा मोठा गुण हा की ती खोलता येते. मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ ही काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेली नौका हा गुण टोकास नेऊन दाखविते : शिवण उसविली की फळी सुटते, आणि नवी फळी पुन्हा शिवता येते.

८. खर्चाचा क्रम

वरील विवेचनावरून खर्चाचा क्रम आपोआप निश्चित होतो. पहिला पैसा कणा, फासळ्या आणि डोलकाठीचे बूड यांवर; दुसरा पाण्याखालील फळ्या व सांधे यांवर; तिसरा सुकाणू व त्याच्या बिजागऱ्यांवर; चौथा तळाच्या लेपावर. पाण्यावरच्या फळ्या, काठ व रंग यांची पाळी शेवटी येते. प्रत्यक्षात हा क्रम नेमका उलटा होतो, कारण रंग दिसतो आणि फासळी दिसत नाही. पैसा अपुरा पडला तर काम अर्धवट सोडण्याऐवजी होडीचा वापर मर्यादित करावा : शीड लहान बांधावे, खाडीबाहेर जाऊ नये, एक मोसम थांबावे. अपुऱ्या दुरुस्तीची भरपाई सावधगिरीने काही काळ होऊ शकते; दर्यावरच्या वाऱ्याशी मात्र तडजोड होत नाही.

आणि काही होड्या दुरुस्त करू नयेत. कणा वाकला असेल, खडूच्या खुणा अर्ध्याहून अधिक अंगावर पसरल्या असतील, आणि खिळे सर्वत्र सैल झाले असतील, तर घातलेली प्रत्येक नवी फळी जुन्या लाकडात धरण्यास जागा शोधीत राहते. अशा वेळी होडी मोडून तिचे निकोप लाकूड दुसऱ्या होडीस देणे हीच खरी काटकसर होय. बेरेनिकेच्या भिंतींतील सागवान याच निर्णयाची दोन हजार वर्षांपूर्वीची साक्ष देते. ज्या हातांनी ते जहाज मोडले त्यांना कोणती फळी अजून भार वाहील हे ठाऊक होते. हे ज्ञान ग्रंथांत थोडे आणि किनाऱ्यावरच्या सुतारांच्या हातांत अधिक आहे. लाकडी होड्यांची जागा काचतंतूंच्या होड्या घेत असता ते हातही विरळ होत आहेत. हातोडीच्या आवाजावरून फळीचे आयुष्य सांगणारा माणूस किनाऱ्यावर आहे तोपर्यंत त्याच्या शेजारी वही घेऊन बसणे, हे अभ्यासकांच्या आवाक्यातील आणि अत्यल्प खर्चाचे काम आहे.